पलंगावरून मूल पडू नये म्हणून: कठडा लावावा, की पलंगच खाली आणावा?

अर्धविराम

'बाळ पालथं पडायला लागलं, पलंगाला काय लावू?' हा प्रश्न गप्पांच्या पानावर दर पंधरवड्याला येतो आणि पान उलटलं की उत्तरं वाहून जातात. म्हणून वेगळा धागा. एक विनंती: 'आमचा बंड्या तीनदा पडला, काऽही झालं नाही' छापाचे किस्से इथे नकोत. मापं, वस्तू, कुठे चुकतं आणि का चुकतं, एवढंच लिहू या.

सुरुवात उंचीपासून करते. हल्लीचा पेटीचा पलंग जमिनीपासून १२ ते १४ इंच असतो, त्यावर ६ ते ८ इंचांची गादी. म्हणजे बाळ १८ ते २२ इंचांवर झोपतं. २० इंचांवरून खाली येणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास असतो. तीच ६ इंची गादी जमिनीवर टाकली तर ताशी ६. वेग निम्म्यावर येतो आणि आघाताची ऊर्जा एक तृतीयांशाहूनही कमी उरते. खाली कोटा किंवा व्हिट्रिफाइड टाइल असेल तर ती यातलं काहीच स्वतःकडे घेत नाही. त्यात तान्ह्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, त्यामुळे ते बहुतेक वेळा डोक्याकडूनच खाली येतं.

'अजून वळत नाही, पलंगावर ठेवलं तर काय होतंय' हेही सोडून द्या. वळणं साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात येतं हे खरं, पण दोन महिन्यांचं बाळ टाचा रेटत, लाथा झाडत वीतभर सहज सरकतं. आणि पहिल्यांदा कधी वळणार ते आधी कळवत नाही.

तिरकस_पेठकर

पहिला मान उशांच्या तटबंदीला. घरोघरी चालणारा आणि सर्वांत कुचकामी उपाय. चारी बाजूंना उशा, दोन लोड, एखादा तक्क्या, आणि मधोमध बाळराजे.

काय होतं ते क्रमाने सांगतो. उशी चादरीवर नुसती ठेवलेली असते. सात-आठ किलोचं मूल तिच्यावर रेललं की उशी घसरते आणि दोघं मिळून खाली जातात. मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर त्याचं तोंड मऊ उशीत रुतू शकतं आणि ते मान वळवून सुटू शकत नाही. हा धोका पडण्यापेक्षा मोठा. नऊ-दहा महिन्यांचं मूल त्याच लोडाला पायरी समजतं. लोड नऊ इंचांचा असेल तर २० इंचांच्या पलंगाची उंची आपण आपल्या हातांनी २९ केली.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे दोन वर्षांच्या पुढे, यातला एक प्रकार चालतो. जुन्या चादरीची मनगटाएवढी जाड, घट्ट वळकटी करायची, दर वीतभर अंतरावर नाडीने बांधायची आणि ताणून बसवलेल्या चादरीच्या खाली, कडेपासून चार बोटं आत, लांबीने ठेवायची. झोपेत कुशीवर वळणाऱ्या मुलाला कड लागते आणि ते परत फिरतं. हा फक्त इशारा आहे, कठडा नाही. जागं मूल त्याला हिंग लावूनही विचारत नाही.

रंधा

आता विकतच्या कठड्याबद्दल. बाजारात याला बेड रेल किंवा बेड गार्ड म्हणतात. जाळीचं कापड, दोन उभे पाइप आणि गादीखाली जाणारे एल आकाराचे दोन पाय. बसवताना लोक पाय गादीखाली सारतात, खटका लावतात आणि संपलं म्हणतात. खरं काम त्यानंतर असतं.

१. गादी पूर्ण उचला. पाय सपाट प्लायवरच टेकायला हवेत. पलंगाला चारी बाजूंनी उभी कड असेल आणि गादी त्यात खोल बसत असेल, तर पाय कडेवर तिरके राहतात आणि कठडा बाहेर झुकतो. अशा पलंगाला हा प्रकार लावू नका.

२. सोबत लांब पट्टे येतात. बरेच जण ते खोक्यातच ठेवतात. पट्टा गादीखालून पलंगाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन तिथे अडकवायचा आणि खेचून घट्ट करायचा. पट्ट्याशिवाय कठड्याला धरून ठेवणारं एकच बळ उरतं, गादीचं वजन. फोमची हलकी गादी तेवढं धरत नाही.

३. गादी परत टाका, कठड्याला चिकटवून. मग कडेवर गुडघा टेकून कठडा आतून बाहेर जोरात ढकला. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट पडली तर पट्टा पुन्हा आवळा. तरीही पडत असेल तर तो कठडा परत करा.

४. आठवड्यातून एकदा, चादर बदलताना, तिसरी पायरी परत. पट्टे सैल होतातच.

पेटीचा पलंग हायड्रॉलिक असेल तर आणखी एक भानगड. पेटी उघडायला गादीसकट प्लाय उचलली की पट्टा सुटतो किंवा खटका वाकतो. पेटीतलं रोजचं सामान आधी दुसरीकडे हलवा, नाहीतर आठवडाभरात कंटाळून कोणीतरी पट्टा काढून ठेवतं.

आता लांबी. इथेच सगळ्यांत जास्त चूक होते. 'मोठा तो चांगला' म्हणून ६ फुटी कठडा घेतात. गादी ७८ इंच, कठडा ७२ इंच, उरले ६ इंच. मधोमध बसवला तर डोक्याशी ३ आणि पायाशी ३. एका टोकाला सरकवला तर दुसऱ्या टोकाला पूर्ण ६ इंचांची खिडकी. अमेरिकेतल्या कठड्यांवर छापलेली सूचना अशी असते की कठड्याचं टोक आणि पलंगाची डोक्याकडची किंवा पायाकडची फळी यांत निदान ९ इंच मोकळे हवेत. ७८ इंची गादीला हे गणित ५ फुटी कठड्यानेच जमतं: ७८ वजा ६०, उरले १८, दोन्हीकडे नऊ-नऊ. ७२ इंची जुन्या मापाच्या गादीला ४ फुटी घ्या. कोपऱ्यात एकमेकांना जोडले जाणारे तीन किंवा चार बाजूंचे संच निराळे. त्यात टोकच उरत नाही, पण कोपऱ्याची जोडणी हाताने हलवून बघायची.

मोगरी

रंधादादा, हे नऊ इंच उलटं नाही का वाटत? मोठी फट म्हणजे मूल तिथून पडणार. लहान फट बरी ना?

दुपटं

मोगरी, गोम तिथेच आहे. मुलाचं धड दबतं, डोकं दबत नाही. साधारण साडेतीन इंचांच्या फटीतून पाय, कुल्ले, पोट घसरून बाहेर येतं आणि डोकं अडकतं. मूल हनुवटीवर लटकतं. त्याचा आवाज होत नाही, कारण श्वासच अडलेला असतो. नऊ इंचांच्या फटीतून ते अख्खं बाहेर येतं, पडतं, टेंगूळ येतं, आणि भोकाड पसरतं. म्हणून फट एक तर अडीच इंचांच्या आत ठेवायची किंवा सरळ नऊच्या वर. मधलं काहीही नको. कठड्याच्या किंवा बाळाच्या कॉटच्या गजांनाही हाच न्याय: दोन गजांतलं अंतर सहा सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये.

आणि हे ठळक करून वाचा: दोन वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांच्या पलंगावर, कठडा लावूनसुद्धा, एकटं झोपवायचं नाही. सुटा कठडा दोन ते पाच वर्षांसाठी असतो, जे मूल मदतीशिवाय पलंगावर चढतं-उतरतं त्याच्यासाठी. सहा महिन्यांचं बाळ कठडा आणि गादी यांच्यातल्या खाचेत घसरलं तर त्याचं तोंड जाळीवर किंवा गादीच्या कुशीवर दाबलं जातं आणि स्वतःला मागे ढकलायचं बळ त्याच्याकडे नसतं. आपल्याकडे खोक्यावर 'शून्य ते पाच वर्षे' असं सर्रास छापतात. ते छापणाऱ्याचं मत आहे असं समजा.

आजोळ

पलंगाची एक बाजू भिंतीला आहे. बाळ सात महिन्यांचं. ती बाजू तरी सुरक्षित धरायची का? दुसऱ्या बाजूला मी असते.

रंधा

नाही धरायची. भिंतीला खाली टाइलची स्कर्टिंग असते, अर्ध्या इंचाची. पलंगाची चौकट गादीच्या बाहेर इंच-दीड इंच. म्हणजे पलंग भिंतीला 'चिकटून' असला तरी गादी आणि भिंत यांत दोन इंच आधीच आहेत. त्यात कोणी पलंगावर टेकलं, उठलं की गुळगुळीत टाइलवर पलंग रोज थोडा थोडा सरकतो. पंधरा दिवसांत चार इंच. केर काढायला ओढला आणि परत नीट सारला नाही तर सहा.

त्या फटीत चादरी, उशा कोंबून भागत नाही. त्या दबतात, आणि मूल त्यांच्यासकट खाली बसतं.

दुपटं

आजोळताई, सात महिन्यांना भिंतही नको आणि कठडाही नको. तुमच्या पलंगाशेजारी बाळाची वेगळी कॉट, किंवा सगळ्यांचीच गादी जमिनीवर. पलंगाला जोडायची छोटी कॉट असेल तर तिचे पट्टे तुमच्या गादीखालून पलीकडे नेऊन आवळायचे. दोन्ही गाद्या एका पातळीत आणि मधे फट शून्य. तिला चौथी बाजू नसते, म्हणून ती साधारण पाच-सहा महिन्यांपर्यंतच. बाळ हातांवर-गुडघ्यांवर उठलं की बंद. तुमच्या सात महिन्यांच्या बाळाला आता चारी बाजू असलेली कॉटच घ्या.

'दोघांच्या मधे झोपवतो' म्हणणाऱ्यांसाठी: तान्हं मूल मधोमध राहत नाही. गोल फिरत पायथ्याशी जातं, आणि पायथ्याकडे कोणीच नसतं. शिवाय दुलई आणि मोठ्यांचे हात, दोन्ही त्याच्या तोंडावर येऊ शकतात.

सदाफुली

जमिनीवरच्या गादीबद्दल लिहिते, कारण 'टाका खाली' एवढ्याने भागत नाही.

गादी एकसंध घ्या, ६ बाय ५ किंवा ६ बाय ६. दोन सिंगल गाद्या जोडल्या की मधली फट रात्रीतून उघडतेच, आणि बाळ नेमकं तिथे तोंड खुपसतं. जाडी ४ इंच पुरे, कॉयरची किंवा कडक फोमची. हाताचा पंजा दाबून उचला. ठसा लगेच भरून आला पाहिजे. कापसाची गादी नवीन असताना छान कडक असते, पण दोन वर्षांत मधे खळगा पडतो. पिंजून घ्या, नाहीतर ती मोठ्यांना ठेवा.

भिंतीपासून दोन फूट लांब ठेवा, चारी बाजूंनी. कोपऱ्यात सारून ठेवायचा मोह होतो, पण मग भिंतीच्या फटीचा तोच जुना प्रश्न जमिनीवर.

खरा शत्रू ओल. गादीखाली शरीराच्या उबेने दमटपणा साठतो, पावसाळ्यात आठवडाभरात काळे ठिपके येतात. रोज सकाळी गादी भिंतीला उभी करायची, किमान दोन तास. खाली प्लॅस्टिकची चटई घालू नका, ती ओल अडकवते. नारळाच्या काथ्याची किंवा बांबूची चटई घाला.

कातळ_पायवाट

एक भर, आणि ती गावाकडच्या लोकांसाठी फार महत्त्वाची. शहरातल्या दहाव्या मजल्यावर 'जमिनीवर झोपवा' हा सल्ला उत्तम. कोकणात, घाटमाथ्यावर, विदर्भात, शेतातल्या किंवा मातीच्या घरात तो जसाच्या तसा देऊ नका. कारण मण्यार.

मण्यार रात्री फिरते, घरात उंदीर-पालींच्या मागे येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. दंश जवळजवळ दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. लहान मूल तर काही सांगूही शकत नाही. अशी शंका जरी आली तरी कापाकापी, मांत्रिक, दोरी आवळणं काही नाही. थेट सापाच्या विषावरची लस असलेलं सरकारी रुग्णालय. आपल्याकडची ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते.

म्हणून तिथे मधला मार्ग: बुटका माचा, जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत आठ-नऊ इंच, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. चादर किंवा मच्छरदाणी जमिनीवर लोंबू द्यायची नाही. माचा भिंतीपासून फूट-दीड फूट लांब, आजूबाजूला धान्याची पोती किंवा लाकडाचा ढीग नको. झोपायच्या आधी बॅटरी घेऊन अंथरूण झाडायचं.

पण मच्छरदाणी म्हणजे कठडा नव्हे. मूल कडेला वळलं की जाळी फुगते, त्याच्या वजनाने खोचलेली कड सुटते आणि मूल जाळीच्या पिशवीत लोंबकळतं. त्यासाठी गादी ऐसपैस हवी. मुलाच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट गादी मोकळी राहिली पाहिजे. छत्रीसारखी छोटी मच्छरदाणी तर उंच पलंगावर ठेवूच नका, मुलासकट गडगडते.

अर्धविराम

कातळ, धन्यवाद. हे आधी कुठेच वाचलं नव्हतं. रंधादादा, असा माचा करून घ्यायचा तर सुताराला काय सांगायचं?

रंधा

६ बाय ५ चा धरतो. चार इंच रुंद, दीड इंच जाड पट्ट्यांची चौकट, उभी धरून. आत साधारण १५ इंचांच्या अंतराने आडव्या पट्ट्या, म्हणजे चार. वर १२ मिलिमीटर प्लाय. प्लाय ८ बाय ४ ची येते, ५ फूट रुंदीला जोड लागणारच. तो जोड एखाद्या पट्टीच्या डोक्यावरच यायला हवा, हवेत नको. त्यासाठी प्लायचे तुकडे आडवे लावायचे आणि पट्ट्या आधी नाही, तुकड्यांच्या मापानंतर ठोकायच्या. प्लायला दर फुटावर २५ मिलिमीटरचं भोक, गादीला हवा लागायला. एकूण उंची साडेचार इंच, वर ४ इंची गादी, झाले साडेआठ.

कोपरे तासून गोल करून घ्या, अर्ध्या इंचाची गोलाई. सांधे नुसत्या खिळ्यांवर नकोत. प्रत्येक कोपऱ्यात लोखंडी एल पट्टी आणि स्क्रू. रंगवायचा असेल तर शिसं नसलेला रंग मागा. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त शिसं नको असा आपल्याकडे २०१६ चा नियमच आहे, पण सुताराकडचा उघडा डबा कधीचा, कुठला, काही सांगता येत नाही. मुलं कड चावतात, हे लक्षात ठेवून डबा नवा आणा.

जुन्या सागवानी पलंगाचे पाय कापायचा विचार कोणी करत असेल तर आधी घरातल्या ज्येष्ठांची परवानगी घ्या. ती मिळणार नाही. नवा माचा स्वस्त पडतो.

राइनकाठ

इकडे जर्मनीत बाळ पहिल्या दिवसापासून गजांच्या कॉटमध्ये, त्यामुळे कॉटबद्दल दोन गोष्टी. तळाची पातळी बदलता येते तिचा उपयोग करा. बाळ हातावर उठू लागलं किंवा बसायला लागलं की त्याच दिवशी तळ सर्वांत खालच्या खाचेत. धरून उभं राहायची वाट बघू नका. कॉटमध्ये उशी, मोठी खेळणी, कडेचे गुबगुबीत पॅड काही नको: लहानाला गुदमरायला आणि मोठ्याला चढायला तेवढं पुरतं. अमेरिकेत तर असे पॅड विकण्यावरच २०२२ च्या कायद्याने बंदी आली.

कॉटमधून केव्हा काढायचं? उंची ३५ इंच झाली, किंवा उभं राहिल्यावर वरचा दांडा छातीच्या खाली आला की. कॉटच्या कठड्यावरून डोक्यावर पडणं हे पलंगावरून पडण्यापेक्षा वाईट.

परदेशातून नातेवाईक जुनी कॉट पाठवतात, ती एकदा तपासा. जिची एक बाजू खाली-वर सरकते ती घेऊ नका. त्या बाजूचे प्लॅस्टिकचे खटके तुटून बाजू तिरकी होते आणि मूल त्या कोनात अडकतं. अमेरिकेत जून २०११ पासून अशा कॉट विकायला बंदी आहे.

तिरकस_पेठकर

तिकडे विकायला बंदी, म्हणून इकडे प्रेमाने भेट.

झुळूक

पाळणा आणि झोळी राहिलीच की.

दुपटं

थोडक्यात. पाळणा बाळ वळेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, नंतर नाही. झोळी जमिनीपासून फूटभरापेक्षा उंच नको. वरचा एस आकाराचा उघडा आकडा बदलून बंद होणारा, खटक्याचा आकडा घ्या. हेलकाव्याने उघडा आकडा हळूहळू फाकतो. दोरी जिथे आकड्याला घासते तिथे आठवड्याला बोट फिरवून बघा. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकलेली दिसली तर लगेच उचलून सपाट झोपवा, मग झोप मोडली तरी चालेल.

रंधा

दुमजली पलंगाबद्दलही लिहून ठेवतो, कारण मुलं मोठी झाली की हाच धागा परत वर येणार.

वरचा मजला सहा वर्षांखाली नाही. युरोप-अमेरिका दोन्हीकडे हेच वय धरतात. कठडा गादीच्या वर निदान ५ इंच उरला पाहिजे. सुतार ४ इंची गादी धरून प्लायपासून १० इंची कठडा करतो. वर उरतात सहा. मग घरचे दिवाळीच्या सवलतीत ८ इंची गादी आणतात. उरले दोन. मुलाचं ढुंगण अडवायलाही ते पुरत नाही. सुताराला गादीची जाडी आधी सांगा आणि पलंगावर आतल्या बाजूने ठळक रेघ मारून घ्या: गादी याच्या वर नको.

दुसरं, छताचा पंखा. परदेशी चित्रं बघून पलंग बनवतात, तिकडे पंखा नसतो. आपल्याकडे पंख्याची पाती जमिनीपासून साधारण आठ-साडेआठ फुटांवर. वरची गादी साडेपाच फुटांवर असली तर मधे उरले अडीच-तीन फूट. सात वर्षांचं मूल उभं राहिलं की चार फुटांच्या आसपास. हिशोब तुम्हीच करा. पलंगाची कड पात्याच्या टोकापासून हात पसरलेल्या मुलाच्या आवाक्याबाहेर हवी, नाहीतर त्या खोलीत पंखा भिंतीवर घ्या.

खिडकीचंही तेच गणित. खिडकीचा कठडा जमिनीपासून ३ फूट, पलंग २० इंच. पलंग खिडकीला लावला की मुलाच्या पायापासून खिडकी फक्त १६ इंचांवर राहते. ग्रिलच्या दोन गजांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर असेल, किंवा नव्या टॉवरमधली ग्रिल नसलेली सरकती काच असेल, तर पलंग त्या भिंतीला लावायचाच नाही. डासांची जाळी कोणालाही अडवत नाही.

मोगरी

रेल्वेत काय करावं? गणपतीला दहा-बारा तास प्रवास असतो.

कातळ_पायवाट

खालचा बर्थ घ्या, मूल भिंतीच्या बाजूला, मोठं माणूस कडेला. बाळाला ओढणीने बर्थला बांधू नका, ती गळ्याकडे सरकते. मधला-वरचा बर्थ मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत नको, साखळीच्या भरवशावर तर नकोच. २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून छोटा बेबी बर्थ प्रयोग म्हणून लावला होता. कोकणच्या गाडीत तो धरून चालू नका.

दुपटं

उतरायला शिकवणं हा भाग सगळे विसरतात. नऊ-दहा महिन्यांत, रांगायला लागलं की सुरू करा.

दिवसा, पोट रिकामं किंवा तुडुंब नसताना. मूल कडेकडे रांगत आलं की त्याला धरून फिरवा, म्हणजे पाय कडेकडे आणि तोंड पलंगाच्या मध्याकडे. पोटावर पालथं करा. एक पाय हळूच कडेबाहेर, मग दुसरा. कमरेला हात ठेवून त्याला स्वतःच सरकू द्या, पायाचे अंगठे जमिनीला लागेपर्यंत. प्रत्येक वेळी एकच शब्द: 'पाय आधी'. घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द. रोज चार-पाच वेळा केलं तर दोन-तीन आठवड्यांत मूल कडेला आलं की आपसूक फिरतं. आधी सहा इंची गादीवर, मग सोफ्यावर, मग पलंगावर. पलंग २० इंचांचा असेल तर दहा महिन्यांच्या मुलाचे पाय पोहोचत नाहीत; खाली पक्का, न घसरणारा पाट ठेवा.

झोपेतल्या पडण्यावर याचा उपयोग नाही. पण जागं होऊन 'आई कुठे' म्हणत कडेवरून डोकं पुढे करणाऱ्या मुलासाठी याच्याइतकं दुसरं काही नाही.

आजोळ

आणि एवढं करूनही पडलं तर?

दुपटं

झटकन उचलून हलवू, उडवू नका. पडलेल्या जागीच पाच सेकंद बघा: रडतंय का, हातपाय दोन्ही बाजूंचे हलतायत का, मान वळवतंय का. मग उचला. लगेच रडलं आणि दहा-पंधरा मिनिटांत शांत होऊन खेळू लागलं तर बहुतेक वेळा काळजीचं नसतं. बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं धरा. टेंगूळ चोळून 'बसवायचं' नाही, त्याने आतला रक्तस्राव वाढतो. पहिले चार ते सहा तास नीट लक्ष.

थेट रुग्णालयात केव्हा: क्षणभरही शुद्ध हरपली, दोनदा किंवा जास्त उलटी, आकडी, नाक-कानातून पाणी किंवा रक्त, टाळू फुगलेली, एका डोळ्याची बाहुली मोठी, नेहमीसारखं वागत नाही, दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही. तीन महिन्यांखालचं बाळ पडलं तर काही दिसो न दिसो, दाखवाच.

टेंगूळ कुठे आहे हेही बघा. कपाळावरचं घाबरवतं, पण त्यातल्या त्यात बरं. दोन वर्षांखालच्या मुलाला कानाच्या वर, बाजूला किंवा मागे आलेलं टेंगूळ, विशेषतः पिठाच्या गोळ्यासारखं मऊ लागत असेल तर, जास्त गंभीर धरतात. उंचीही सांगा. दोन वर्षांखाली तीन फुटांपेक्षा उंचावरून पडणं डॉक्टर वेगळ्या गटात घेतात. ही रेघ २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ४२ हजारांवर मुलांच्या अभ्यासातून आली. म्हणून डॉक्टरांना 'पलंगावरून पडलं' एवढंच नको. 'वीस इंचांचा पलंग, उभं होतं, टाइलवर, उजव्या बाजूवर, सव्वासहाला' असं सांगा. रुग्णवाहिका १०८.

झोपेची वेळ असेल तर झोपू द्या. झोपू न देणं हा जुना समज. तासा-दोन तासांनी हलवून बघायचं: कुरकुर करून कूस बदलली तर ठीक.

झुळूक

पलंगाशेजारी फोमच्या चौकोनी मॅट घातल्या आहेत, १० मिलिमीटरच्या. पुरतात ना?

रंधा

नाही. १० ची मॅट पाय गार पडू नयेत म्हणून असते. २० ते २५ मिलिमीटरची घ्या, दोन फुटी चौकोन, एकमेकांत अडकणाऱ्या. पलंगाच्या कडेपासून निदान तीन फूट बाहेरपर्यंत आणि पायथ्याकडेही. उभं मूल पडतं तेव्हा ते कडेखाली पडत नाही, दोन-अडीच फूट पुढे जाऊन पडतं. पलंगाच्या कुशीला मॅट घट्ट भिडवा. मऊ गादी किंवा दुलई शेजारी पसरू नका. तान्हं मूल त्यावर पालथं पडलं तर तोंड रुतेल आणि पडल्याचा आवाजही येणार नाही.

आणि मॅट घालायच्या आधी पलंगाशेजारचं काचेचं टीपॉय, मोबाइल चार्ज करायचं कपाट, लोखंडी ट्रंक, जे काही त्या तीन फुटांत असेल, ते दुसऱ्या भिंतीला हलवा. मॅट खाली असते. टीपॉयचा कोपरा वाटेत असतो.